सहावा खांब

निर्मळच्या वाटेवर आमचे घर आहे आणि घराला लागून धर्मशाळा. दोन्हींवर एकच लांब कौलारू छप्पर. नवा पाहुणा हटकून विचारी, "यात तुमचे घर कुठे सुरू होते?" आजोबा अंगणातूनच बोट दाखवीत, "खांब मोजा. सहावा दोघांचा!"

पाच खणांची धर्मशाळा, तीन खणांचे घर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुने लोक घर असेच मोजीत. खांब सागवानी, दगडी तळखड्यांवर उभे. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडाला सहजी पोचू नये म्हणून. खांबाच्या माथ्यावर कुसू, तुळईला खाच आणि वर लाकडी मेख. सारा भार या सांगाड्यावर. भिंती नुसत्या आडोशाला. एका पावसाळ्यात मागची भिंत रात्रीतून बसली. आम्ही मुले रडू लागलो. आजी म्हणाली, "अरे, भिंत पडली, घर नाही." वर पाहिले तो कौल न् कौल जागच्या जागी!

निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला सुरू होते. विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली ती १८६७ साली. तरी माझ्या लहानपणीही आतल्या गावांची माणसे पायी येत आणि रात्री धर्मशाळेत पाठ टेकीत. तिच्या आणि आमच्या मधल्या भिंतीत एक बुटके दार होते. यात्रेच्या दिवसांत त्याला कडी लावायची नाही, हा आजीचा दंडक. त्या दारातून पाणी जाई, कुणाच्या तान्ह्यासाठी दूध जाई. पलीकडून कधी आगाशीची सुकेळी येत. सहावा खांब पलीकडून वाटसरूंच्या पाठींनी गुळगुळीत झालेला, तर अलीकडे आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा!

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. पुढे इमारती आमच्या कुंपणापर्यंत आल्या. यात्रेकरू आता संध्याकाळीच घरी परततात. या दसऱ्याला भाऊ घर विकण्याचा कागद घेऊन आले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कौले परतायला माणूस मिळत नाही आणि धाकट्याच्या मुलीचे शिक्षण पैशांवाचून अडले आहे. नकाशावर हद्दीची रेघ होती, ती नेमकी सहाव्या खांबाच्या मधून!

मी म्हाताऱ्या सुताराला बोलावले. खांबावर थाप मारून तो म्हणाला, "गुरुजी, दोन्हीकडच्या तुळया ह्याच्यावरच टेकल्यात. तुमचं तुम्ही उतरवा, पण ह्याला हात लावलात तर पलीकडलंही खाली येईल."

मी सही केलेली नाही. उद्या करावीही लागेल. पण सहावा खांब धर्मशाळेचा राहील, हे कागदात लिहिल्याशिवाय करणार नाही, असे मी भावांना सांगितले. थोरला हसला. "दादा, एका खांबासाठी?" धाकटा काही बोलला नाही. तो उठला, खांबाशी गेला आणि वाकून आपली रेघ शोधू लागला.