परतीचं पाणी

लंडनमधल्या एका तंत्रशिक्षण कॉलेजने हीट नेटवर्क चालवणाऱ्या माणसांसाठी अभ्यासक्रम बनवायला घेतला आणि त्या गटात मला बोलावलं. पहिला मसुदा हाती आला. पाइप जोडणं, वेल्डिंग, इन्सुलेशन, पंप बसवणं, सगळं बारकाईने लिहिलेलं. हे बसवलेलं पुढे कित्येक वर्षं चालवायचं कसं, याला मात्र शेवटी दोन पानं. मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये उमेदवारी केलेला माणूस. आपल्याकडे बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट असल्याशिवाय बॉयलर चालवायला मिळत नाही. १९२३च्या बॉयलर कायद्याखाली लागलेली ती शिस्त. इथे गॅसच्या बर्नरला हात लावायला नोंदणी लागते. पण शेकडो घरांना गरम पाणी पुरवणारं अख्खं नेटवर्क ज्याच्या हाती, त्याच्याकडे ते चालवण्याचं प्रमाणपत्र कुणी मागत नव्हतं. मला ते फार खटकलं.

हीट नेटवर्क म्हणजे घराघरात वेगळा बॉयलर न ठेवता एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून ते सगळीकडे फिरवायचं. लंडनला हे नवं नाही. पिम्लिकोतल्या घरांना १९५० पासून टेम्सपलीकडच्या बॅटरसी वीज केंद्रातली वाया जाणारी उष्णता नदीखालून येत असे. डेन्मार्कमध्ये तर सुमारे दोन तृतीयांश घरं अशीच गरम होतात. ब्रिटनमध्ये आज १४,०००च्या आसपास नेटवर्क आहेत, पण बरीचशी लहान, एखाद्या इमारतीपुरती, आणि ती चालवणारे बहुतेक जण घरगुती गॅस बॉयलरच्या कामातून आलेले. माणसं हुशार, हात तयार; विचाराची दिशा तेवढी वेगळी.

ती दिशा कुठली, हे दक्षिण लंडनमधल्या एका वसाहतीत लख्ख दिसलं. पहिल्या तुकडीला घेऊन आम्ही ऑगस्टमध्ये तिथे गेलो. बाहेर उकाडा आणि जिन्याच्या बोळांत त्याहून जास्त. तुकडीतला एक अनुभवी गॅस फिटर म्हणाला, "सगळ्यांना गरम पाणी मिळतंय, कुणाची तक्रार नाही. मग बिघाड कुठे आहे?" मी त्याला पंपखोलीत नेऊन परतीच्या पाइपवरचा थर्मामीटर दाखवला. पाणी ७५ अंशांनी निघत होतं आणि ६५ अंशांनी परत येत होतं.

तेच ४५ अंशांनी परत आलं असतं, तर प्रत्येक लिटरने ३० अंशांची उष्णता घरांत सोडली असती. आता १०च अंशांची सुटते, म्हणून तेवढ्याच उष्णतेसाठी तिप्पट पाणी फिरवावं लागतं. त्याच पाइपांतून तिप्पट पाणी ढकलायचं तर पंपाला लागणारी शक्ती कागदावर २७ पट होते. वर परतीचा पाइपही तापलेला, म्हणून बोळ तापलेले. त्या वाया गेलेल्या उष्णतेचे पैसे शेवटी भाडेकरूंच्याच बिलात येतात. तक्रार नसतानाही बिघाड असतो, हे ज्याला उमगलं तो नेटवर्कचा माणूस झाला, असं मी मानतो.

शोध मुलांनीच घेतला. तुकडीतल्या एका मुलीने क्लॅम्प थर्मामीटर घेऊन मजल्यामागून मजला तपासला. सगळ्यात वरच्या मजल्यावर पुरवठा आणि परतीचे पाइप जोडणारा बायपास व्हॉल्व्ह सताड उघडा सापडला. पाइप धुताना उघडलेला, मग तसाच राहिलेला. तो मजला कायम तापलेला असतो, हे वसाहतीच्या केअरटेकरला आधीपासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून केअरटेकरांसाठी एक छोटा वर्ग असावा, असा माझा आग्रह आहे.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर परतीचं तापमान उतरलं, पण पुरेसं नाही. काही घरांतल्या एचआययूमध्ये, म्हणजे नेटवर्कची उष्णता घरात उतरवणाऱ्या पेटीत, व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट मिटत नव्हते. पाण्याचा नमुना काढला तर काळा. लोखंडाच्या गंजाचा बारीक गाळ. बॉयलर हाउसमध्ये पाळी सुरू झाली की आधी पाण्याची तपासणी, मग बाकीचं. इथे पाण्याचा शेवटचा अहवाल कुठे आहे, हेही कुणाला सांगता येईना. पाण्याच्या रसायनावरचा भाग मी अभ्यासक्रमात हट्टाने वाढवला.

परीक्षेवरून गटात बराच वाद झाला. काहींना दोन दिवसांचा वर्ग आणि पर्याय निवडायची प्रश्नपत्रिका पुरेशी वाटत होती. शेवटी कॉलेजच्या कार्यशाळेत चालतं छोटं नेटवर्क उभारायचं ठरलं. त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवायचे: उघडा बायपास, तुंबलेला गाळणा, उलटा बसवलेला सेन्सर, क्षार धरलेलं प्लेट एक्स्चेंजर. लंडनचं पाणी इतकं जड की हा शेवटचा बिघाड घरोघर भेटतो. उमेदवाराने बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा आणि काय झालं होतं ते भाडेकरूला समजेल असं सांगायचं. या सांगण्याला गुण आहेत, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटतात. बिलाची धास्ती घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना "डेल्टा टी कमी आहे" म्हणून चालत नाही.

प्रशिक्षणात उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही हवेत, हेही मी लावून धरलं. हिवाळ्यात मागणी इतकी असते की गळती तिच्यात लपून जाते. उन्हाळ्यात फक्त नळाला गरम पाणी लागतं आणि नेटवर्कची उधळपट्टी उघडी पडते. शिवाय इथून पुढे उष्णता येणार हीट पंपांतून. इस्लिंग्टनमध्ये २०२० पासून भुयारी रेल्वेच्या हवाशाफ्टमधली ऊब हीट पंपाने घरांना दिली जाते. हीट पंपाला जितक्या कमी तापमानावर काम करू द्याल तितकी कमी वीज तो खातो. परतीचं पाणी गरम ठेवणारा माणूस त्याची सगळी कमाई घालवेल.

२०२३च्या ऊर्जा कायद्याने या क्षेत्रावर ऑफजेम हा नियामक नेमला, म्हणून आता मालक मंडळी प्रशिक्षणाची चौकशी करतात. सध्या आमची ओढाताण पैशांवरून चालली आहे. पालिकेकडे मोजकीच माणसं; त्यातला एक वर्षभर आठवड्याला एक दिवस सोडायचा, तर बदली माणसाचा पगार कुणी द्यायचा? तो भाडेकरूंच्या बिलात घालू नये, नेटवर्क बांधायला मिळणाऱ्या निधीतूनच सुरुवातीला बाजूला काढावा, असं मी लेखी दिलं आहे. पुढच्या बैठकीत त्यावर चर्चा आहे.