उत्तरेकडे तोंड

चढाईच्या भिंतीचं तोंड उत्तरेकडे ठेवावं, तिथे सावली असते, हे मी एका अमेरिकन पुस्तिकेत वाचलं आणि मान डोलावली. तिकडे असेलही. आमच्या मंडळीचं युवा शिबिर भरतं पाचगणीला, मेच्या सुट्टीत. पाचगणी साधारण १८ उत्तर अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य तिथे बरोब्बर डोक्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत उत्तरेलाच कललेला राहतो. म्हणजे ऐन शिबिरात आमची सावलीची बाजू दिवसभर तिरप्या उन्हात. दुपारी खाली दोर धरणारा मान वर करतो तर डोळे दिपतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, हेही सांगून टाकतो.

ढाचा लोखंडी अँगलचा, २० फूट उंच. त्यावर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, दर २० सेंटिमीटरला एक भोक आणि प्रत्येक भोकात मागून ठोकलेला टी-नट. पुढून बोल्टने होल्ड, म्हणजे चढताना हातपाय टेकवायचे उंचवटे, आवळायचे. रंग मी दर्शनी बाजूलाच दिला. मरीन प्लायचा गोंद पाण्याला दाद देत नाही, पण कापलेल्या कडा आणि भोकं उघडी राहिली की लाकूड पाणी पितंच. तरी महाबळेश्वरच्या मानाने इथे पाऊस कमी, अशी स्वतःची समजूत घातलेली. त्यावर कडी म्हणजे, मागची बाजू उघडीवाघडी दिसते म्हणून ती पत्र्याने बंद करून घेतली.

पावसाळ्यानंतर होल्ड बदलायला गेलो. बोल्ट गंजून नटात बसलेला. अ‍ॅलन की फिरवावी तर मागे टी-नटच प्लायमध्ये गरगर फिरतोय. मागून पकडायचा तर पत्रा आडवा. वेल्डरने तो कापून काढला आणि जाताना म्हणाला, ‘‘मास्तर, हा तुम्हीच लावायला सांगितला होता.’’ लावायचे आणि कापायचे, दोन्ही पैसे मंडळीच्या वर्गणीतले.

हे सगळं पैशाने निस्तरलं. मुलांना जे सांगत होतो ते तसं निस्तरण्यातलं नव्हतं. वर पोहोचलात की डोळे मिटा, हात सोडा, दोर धरेल. विश्वास म्हणजे हाच. संध्याकाळच्या मननात हे फार छान बसायचं. एकदा एक मुलगी वर जाऊन थिजली. खालून टाळ्या, नावाचा गजर. ती रडत खाली उतरवा म्हणत होती आणि मी ओरडत होतो, ‘‘प्रभूवर भरवसा नाही का?’’ शेवटी तिने हात सोडले, दोराने झेललं. रात्री मी ती हकिगत साक्ष म्हणून सांगितली, तीही तिला न विचारता.

जेवणानंतर निवृत्त पाळकसाहेबांनी मला बाकावर बसवून घेतलं. ‘‘मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या माथ्यावर नेऊन, खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असं कोण म्हणतो रे?’’ रविवारच्या शाळेतल्या पोरालाही हे येतं. सैतान म्हणतो. आणि येशू उडी मारत नाही.

मग दुसरा विचार आला. दोराचं दुसरं टोक ज्या पोराच्या हातात होतं, तो त्याच दिवशी बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, शिकला होता. त्याच्या कॅराबिनरचं लॉक मी पाहिलं होतं का? आठवत नाही. म्हणजे पाहिलं नव्हतं.

आता चढणारा आणि बिले देणारा आधी एकमेकांचं तपासतात: हार्नेसचं बकल, आठाची गाठ, बिले डिव्हाइस, लॉक. दोघांच्या मागून मी. खाली यायचं म्हणालं की लगेच उतरवायचं, कारण विचारायचं नाही. मननासाठी दुसरे विषय पुष्कळ आहेत.

शिबिर नसताना वाडीतली पोरं कुंपण ओलांडून येतात आणि दोराविना चढतात, हेही उशिराच कळलं. तेव्हापासून खालच्या ८ फुटांतले होल्ड काढून कुलपात ठेवतो. खजिनदारांना ते पटत नाही. देणगीदार बघायला येतात तेव्हा भिंत बोडकी दिसते म्हणे. गेल्या सभेतही त्यावरून वाजलं.