आट्यांवर जुळलेली वीज

वॉर्सात आधी कोल्हापूरचं स्मारक पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला, त्याची ही कृतज्ञता. देशोधडीला लागलेल्या या पोलिश लोकांची हकिकत आम्हा कोल्हापूरकरांना ठाऊक असते. जे मागे राहिले त्यांनी कसा तग धरला, हे पाहायला मेट्रोने व्होला भाग गाठला.

रोंडो दाशिन्स्क्येगो स्थानकातून वर आलं की चहूकडे काचेचे टॉवर. त्यांच्यामध्ये ट्रामचं जुनं वीजघर विटांच्या भिंती सांभाळून उभं आहे. 2004 पासून तिथे वॉर्सा उठावाचं संग्रहालय आहे.

मी शोधत होतो ती ‘ब्विस्काव्हित्सा’, म्हणजे ‘वीज’. नऊ मिलिमीटरची सबमशीनगन. खाली उभं मॅगझिन आणि दुमडता दस्ता जर्मन एमपी-40 सारखा. आतली रचना मात्र ब्रिटिश स्टेनच्या वळणाची. वात्स्वाफ झाव्रोत्नी आणि सेव्हेरिन व्येलानियेर या अभियंत्यांनी ‘आर्मिया क्रायोव्हा’ या भूमिगत पोलिश सेनेसाठी तिचा आराखडा केला. 1943 मध्ये पहिला नमुना तयार झाला.

काचेला नाक लावून मी तिचे सांधे पाहत राहिलो. कारखान्यातल्या बंदुकीत जिथे वेल्डिंग असतं, तिथे हिला आटे पाडून भाग एकमेकांत फिरवून बसवलेत. वेल्डिंगची सोय सगळीकडे नव्हती. आटे मात्र साध्या लेथवर पाडता येत. आमच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये होईल असं काम! सुटे भाग शहरभरच्या लहान वर्कशॉपमध्ये बनत आणि नंतर जुळवले जात. त्यातलं बरंच काम माकोव्येत्स्की यांच्या कुंपणाच्या जाळ्यांच्या कारखान्यात, जर्मनांच्या नाकाखाली चाले. सापडलं तर मरण ठरलेलं. तरीही सुमारे 700 बंदुका तयार झाल्या.

1 ऑगस्ट 1944 रोजी संध्याकाळी पाच वाजता जर्मन ताब्याविरुद्ध उठाव सुरू झाला. हजारो लढवय्यांच्या हातात तेव्हा शस्त्रच नव्हतं. एवढ्या बंदुका कुठे पुरणार? शहर 63 दिवस लढलं आणि पडलं. दीड लाखांहून अधिक नागरिक मारले गेले. उरलेल्यांना बाहेर काढून जर्मनांनी घरं पद्धतशीर जाळली, सुरुंगांनी उडवली.

बाहेर पडून ग्झिबोफ्स्का रस्त्याने चालत निघालो. जाळ्यांचा तो कारखाना याच रस्त्यावर होता. आता ऑफिसं सुटलेली, फुटपाथवर गर्दी. माझ्या मनातून ते आटे जात नव्हते. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावं राहतात. इथे मात्र लेथवर उभ्या राहिलेल्या अनाम कामगारांची सही धातूवर आहे. त्यांनी रोज जीव पणाला लावला आणि तरीही आटा चुकू दिला नाही. असल्या कारागिरीपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.