चोवीस हालचाली आणि समोरचा हात

ताइचीचा चोवीस हालचालींचा जो क्रम मी रोज पहाटे करतो, तो १९५६ साली चीनच्या राज्य क्रीडा आयोगाने यांग परंपरेतून सिद्ध केला. लाखोंना शिकवायचे तर सोपे हवे, हा तर्क आम्हा शासकीय मंडळींना सहज उमगतो. हालचाली टिकल्या, त्या कशासाठी, हे सांगणे मात्र बहुधा राहून जाते.

‘चिमणीची शेपटी धरणे’ या हालचालीतील ‘ल्यू’ हा भाग पाहा. कोणी छातीवर ढकलू लागला, की आपला एक हात त्याच्या मनगटाशी, दुसरा कोपराजवळ ठेवायचा व कंबर वळवायची. त्याचाच जोर त्याला पुढे नेतो. हवेत हजारदा केले तरी समोरच्याचे वजन कळत नाही. त्यासाठी ‘तुइशौ’, म्हणजे हाताला हात भिडवून करायचा जोडीचा सराव, हवा. आणि जोडीदाराचा विरोध खरा हवा. (आपल्या तालमीतही जोर-बैठका एकट्याने होतात, डाव जोडीशिवाय बसत नाही.)

मिंग सेनापती छी जिग्वांग याने सोळाव्या शतकात ३२ पवित्रे नोंदवतानाच बजावले होते, की मुष्टिविद्या रणांगणी फारशी उपयोगाची नाही. शरीर घडवण्यास ती चांगली. २०१७ साली छंगदूत शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने वेई लेई या ताइची-शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवे केले. तेवढ्यावरून सारी परंपरा मोडीत काढणे मला पटत नाही. जोडीने घोटलेला ‘ल्यू’ ढकलणाऱ्याचा तोल क्षणभर घालवतो. तेवढ्यात पळावे.