ढोलकीवाला बसून राहिला

भाईंदर पूर्वेला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. वस्तीतल्या गायकांची भीमगीते रेकॉर्ड करणे, एवढेच त्याचे काम. दिवसभर कारकुनी करून, विरार गाडीत लोंबकळत घरी आलो की आम्ही रात्री त्याच्यापुढे बसतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला यातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. खरेच, कळत नव्हते.

२०२२ सालची गोष्ट. जयंती चार दिवसांवर होती. वस्तीतले एक म्हातारे गायक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, रविवारी तीन गाणी देणार होते. ढोलकीवाला नाका कामगार, रोज बुडवून आला होता. आदल्या रात्री पडद्यावर 'अपडेट करा' असे सारखे येत होते. नवे ते चांगलेच, म्हणून आम्ही बटण दाबले आणि झोपलो.

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, पण माईक जोडायचे साउंड कार्ड त्याला ओळखूच येईना. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि जोडलेले यंत्र यांच्यातला दुभाषी. अपडेटनंतर आमचा जुना दुभाषी मुका झाला होता. नवा ड्रायव्हर शोधून बसवेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. ढोलकीवाला बिचारा बसून बसून गेला. काकांनी पेटीवर एकच गाणे म्हटले. उरलेली दोन पुढे बघू, म्हणाले. त्याच पावसाळ्यात काका गेले.

दोष आमच्या घाईचा. त्यानंतर आम्ही नीट शिकलो. विंडोजचे मुख्य मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. सेटिंगमध्ये जाऊन ते ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते. आम्ही रेकॉर्डिंग उरकेपर्यंत थांबवायचो आणि मग मोकळ्या रविवारी येऊ द्यायचो. त्याआधी रिस्टोअर पॉइंट करायचा, म्हणजे बिघडलेच तर मागे येता येते. गाणी दुसरीकडे उतरवायची, ड्रायव्हरची प्रत ठेवायची. अपडेट झाल्यावर दोन मिनिटे ढोलकी वाजवून ऐकायची, मगच गायकाला निरोप.

काही कार्यकर्ते म्हणतात, अपडेट कायमचे बंदच करा. हे आम्हाला पटत नाही. आपल्याकडे जो येतो तो खिशात पेन ड्राइव्ह घेऊन येतो, आणि त्यात व्हायरस किती, हे त्यालाही ठाऊक नसते. नेटवर असलेल्या यंत्राला सुरक्षेचे अपडेट हवेच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ आमचे जुने यंत्र घेत नाही, नवे घ्यायला पैसे नाहीत. म्हणून आम्ही त्याची नेटची वायरच काढली. आता त्यावर फक्त रेकॉर्डिंग. येणारा पेन ड्राइव्ह आधी मुलीच्या लॅपटॉपवर तपासतो, त्यावरून घरात थोडी कुरकुर होते.

काकांचे ते एक गाणे दोन ठिकाणी ठेवले आहे. एक प्रत आमच्या कपाटात, दुसरी त्यांच्या लेकीकडे. ती दर जयंतीला सकाळी लावते. ढोलकीशिवायच.