बौद्धनाथच्या अंगणात दोन रात्री

आमच्या बीड जिल्ह्यातला माणूस परमुलखी जातो तो बहुतेक कोयता आणि बिऱ्हाड घेऊन. दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टर भरून कारखान्यांकडे जायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. अशा मुलखातल्या आम्ही सव्वीस जणांनी २०१५ च्या एप्रिलमध्ये परदेश पाहायचा बेत केला. परदेश म्हणजे नेपाळ! पासपोर्ट लागत नाही, मतदानाचे ओळखपत्र पुरते, म्हणून परवडणारा परदेश. गटात अंबाजोगाईचे, केजचे, परळीचे लोक होते. दोन निवृत्त गुरुजी, एक परिचारिका, ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या चार बाया, आणि सगळ्यांत वडील म्हणून आक्का. बाबासाहेबांची जयंती गावात साजरी केली आणि १७ तारखेला मनमाडहून गाडी धरली.

सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर असे करीत सोनौलीच्या सीमेवरून लुंबिनीला पोचलो. तेथला अशोकस्तंभ पाहून आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. या प्रवासाविषयी पुष्कळ सांगण्यासारखे आहे, पण ते पुन्हा कधीतरी. २४ तारखेच्या संध्याकाळी काठमांडूत बौद्धनाथच्या स्तूपाजवळच्या एका साध्या अतिथीगृहात आम्ही उतरलो. बाबासाहेब याच काठमांडूत नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी आले होते, नागपूरच्या दीक्षेनंतर आणि महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी. गुरुजींनी ही हकिकत जेवताना सांगितली. स्वयंपाकघरातला विशीतला मुलगा दारात उभा राहून ती ऐकत होता. त्याला हिंदी चांगले येत होते. त्याचे गाव सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, डोंगरात. आक्कांनी लगेच त्याच्या आईची, बहिणींची, शेतीची चौकशी करून घेतली.

दुसरा दिवस शनिवार. नेपाळात तेव्हा शनिवारी सुट्टी असे, रविवारी नाही. सकाळचे आवरून आम्ही स्तूपाला प्रदक्षिणा घालीत होतो. घड्याळात बारा वाजायला चार मिनिटे कमी होती. पण निम्म्या लोकांच्या घड्याळात ११ वाजून ४१ मिनिटे, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असते आणि काट्यांना हात लावायला आमच्यातले बरेच तयार नव्हते. आधी कबुतरे उडाली, सगळी एकदम. मग पायाखालून गडगडाट आला. आम्हाला वाटले, मोठा ट्रक चालला असेल. पण आक्का ओरडल्या, "आगं, ही किल्लारीची चाल हाय! भिताडापासून लांब व्हा!"

लांब कुठे व्हायचे? स्तूपाभोवती गोल दुकाने, तीन-चार मजली घरे. आम्ही एकमेकांचे हात धरून मधोमध खाली बसलो. उभे राहणे शक्यच नव्हते. जमीन झोळीसारखी इकडून तिकडे जात होती. स्तूपाच्या वरच्या सोनेरी भागावरच्या पताका वारा नसताना हेलकावे खात होत्या. जेमतेम मिनिटभर हे चालले असेल, पण त्या मिनिटात आमच्यातल्या प्रत्येकाचे घर, लेकरे, उरलेले कर्ज सगळे डोळ्यांसमोरून गेले, असे नंतर सगळ्यांनीच सांगितले. आजूबाजूचे लोक "भुइँचालो, भुइँचालो" म्हणत होते. भूकंपाला नेपाळी लोक भुइँचालो म्हणतात. त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. भुई चालली होती.

धूळ बसल्यावर मोजदाद केली. सव्वीसच्या सव्वीस होतो. एका बाईच्या डोक्याला विटेचा तुकडा लागला होता, परिचारिका ताईंनी लुगड्याची पट्टी बांधली. स्तूपाच्या शिखराला तडे गेले, पण खालचा प्रचंड घुमट जागेवर होता. शहरातला धरहरा मनोरा मात्र बुंधा सोडून सगळा कोसळला आणि त्यात पुष्कळ माणसे गेली, हे दुपारी कळले. हा मनोरा १९३४ च्या भूकंपातही पडला होता आणि पुन्हा बांधला होता.

पुढे घरी आल्यावर वाचून समजले ते असे. भूकंपाचे केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक गावाजवळ, तीव्रता ७.८. हिंदुस्थानचा भूभाग हिमालयाखाली सरकत राहतो, त्याचा साठलेला ताण त्या दिवशी सुटला. आम्ही ज्या अंगणात बसलो होतो ते अंगण, सगळे काठमांडू खोरेच, सुमारे मीटरभर वर उचलले गेले आणि दक्षिणेकडे सरकले! हे खोरे म्हणजे पूर्वीचा तलाव. त्या गाळामुळे हेलकावे संथ आणि लांब बसले, म्हणून उंच मनोऱ्याला ते बाधले आणि बरीच बुटकी घरे वाचली. डोंगरातल्या दगडमातीच्या घरांना ही सवलत मिळाली नाही. एकंदर सुमारे नऊ हजार माणसे गेली. शाळांच्या हजारो खोल्या पडल्या. शनिवार नसता तर काय झाले असते, याचा विचार गटातल्या दोन्ही गुरुजींना अजून झोपू देत नाही.

ती रात्र आम्ही उघड्यावर काढली. वरून पाऊस. एक प्लॅस्टिकचा कागद सव्वीस जणांत. दर थोड्या वेळाने जमीन थरथरे आणि सगळे पटांगण एका आवाजात हाय करी. मोबाइल लागत नव्हते. गावाकडे टीव्हीवर पडलेली घरे पाहून आमच्या घरच्यांचे काय झाले असेल, या काळजीने आम्हाला भूकंपापेक्षा जास्त छळले. शेजारच्या नेपाळी कुटुंबाने चिउरा, म्हणजे आपले पोहे, कोरडेच वाटून दिले. आम्ही शेंगदाण्याची चटणी काढली. जेवणाची पंगत अशी झाली.

झोप कोणालाच नव्हती. तेव्हा आक्कांनी किल्लारी सांगितली. आमच्यातल्या तरुणांनी ती अशी कधी ऐकली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. (दोन्हीकडे छप्पन्नावे मिनिट, हा निव्वळ योगायोग, आमच्यातल्या एकाने त्यात काही शोधू पाहिले तेव्हा गुरुजींनी त्याला गप्प केले.) अंबाजोगाईत फळीवरची भांडी खाली आली, माणसे रस्त्यावर आली, पण घरे उभी राहिली. आक्कांची धाकटी बहीण मात्र सास्तूरच्या बाजूच्या खेड्यात दिलेली. तिसऱ्या दिवशी भाकरीची गाठोडी घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये बसून आक्का तिकडे गेल्या. पावसाने चिखल झालेला, रांगेने सरणे जळत होती. लाकूड पुरत नव्हते. बहिणीचे घर त्यांना सापडेना, कारण गावच ओळखू येत नव्हते.

बहीण जिवंत होती. तिचे घर गावकुसाबाहेर, कुडाच्या भिंती आणि वर पाचट. ते अंगावर पडले, ते बाजूला सारून सगळे उठले. गावातले वाडे मात्र दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचे आणि वर मातीच्या माळवदाचे. ऊन लागू नये म्हणून दर वर्षी माती वाढवायची. त्या भिंतीत बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. भिंत दोन्ही बाजूंना फाकली आणि माळवद झोपलेल्यांवर आले. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. गेलेल्यांची संख्या दहा हजारांच्या घरात. "आमचं गरिबीचं छप्पर होतं म्हणून वाचलो, ह्याचं सुख मानायचं व्हय?" बहिणीने आक्कांना विचारले होते. ती आणि तिचा नवरा दोन दिवस त्याच वाड्यांचे दगड उपसत होते, ज्या वाड्यांच्या ओसरीवर त्यांना कधी बसू दिले नव्हते.

आणखी एक गोष्ट गुरुजींनी जोडली. किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबरपासूनच लहान धक्के बसत होते. पण त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. नकाशा २००२ मध्ये बदलला, पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

२६ तारखेला दुपारी पुन्हा मोठा धक्का बसला, ६.७ चा. त्यानंतर आमच्यात वाद झाला. परिचारिका ताई आणि दोन तरुण म्हणत होते, थांबू, कामाला लागू. माणुसकी हीच वेळ मागते. आक्का म्हणाल्या, "सव्वीस तोंडं ह्यांचं पाणी पितेत. आधी ती कमी करा." कडू वाटले, पण खरे होते. ताईंनी तरी दिवसभर जवळच्या तंबूत मलमपट्टी केली. दुसऱ्या दिवशी भारतात परतणाऱ्यांच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली आणि आम्ही रक्सौलला उतरलो. तेथे पहिला फोन लागला तेव्हा पलीकडून कोणी बोलेचना, नुसते रडणे.

तो स्वयंपाकघरातला मुलगा २६ च्या पहाटेच गावाकडे निघाला होता. रस्ते कोसळलेले, पायीच जाणार होता. आक्कांनी त्याला आपली बॅटरी आणि शाल दिली. सिंधुपाल्चोकमध्ये सर्वांत जास्त माणसे दगावली, हे आम्हाला नंतर समजले. त्याचा नंबर घ्यायचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. स्तूपाचे शिखर दुरुस्त होऊन नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो पाहून आक्कांनी पहिला प्रश्न त्याच्याविषयी केला.

केज तालुक्यातले आक्कांचे घर दगडमातीचे, वर माळवद. परत आल्यावर त्यांनी हट्ट धरला: माळवद उतरवायचे. मुलगा म्हणाला, पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघू, आणि दुष्काळात पैसा कुठला? वर्षभर ही घासाघीस चालली. शेवटी ऊसतोडीची उचल आली तेव्हा काम निघाले. गवंड्याने भिंतीत जागोजागी आरपार दगड बसवले, वर सिमेंटचा पट्टा फिरवला, त्यावर पत्रा टाकला. माळवदाची माती चार ट्रॉली निघाली. ती दारात पडलेली पाहून आक्का म्हणाल्या, "एवढी डोक्यावर घेऊन चाळीस वर्षं झोपलो."

शेजारी त्यांच्या दिराचे घर तसेच आहे. तो म्हणतो, आपल्याकडे कुठला भूकंप. आक्का त्याच्या घरी जेवायला जातात, पण मुक्कामाला राहात नाहीत.