किती घोडे हवेत?

सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. सकाळी फिरायला जावे, संध्याकाळी देवळात जावे. मधल्या वेळात नातवंडे असतील तर ती सांभाळावीत आणि नसतील तर रक्तदाब सांभाळावा. यांपैकी एकही गोष्ट धड न करता मी घरामागच्या गॅरेजमध्ये मोटार बांधायला घेतली, तेव्हा कोल्हापूरच्या नातेवाइकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा : "का हो, तिकडे विकत मिळत नाहीत का?"

"तिकडे" म्हणजे इंग्लंडात. मी १९८४ साली नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला आलो. हे गाव मोटारींचे. इथे मोटारी विकत मिळतात हे मला ठाऊक आहे; त्या करण्यातच माझे आयुष्य गेले. पण स्वतःच्या हाताने, पहिल्या नळीपासून शेवटच्या नटापर्यंत एक गाडी करायची, ही हौस राहून गेली होती.

या देशात ही हौस जुनी आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली "लोटस सेव्हन" नावाची एक चिमुकली, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. (माझाही जन्म त्याच सालचा, पण ती अजून माझ्यापेक्षा चांगली पळते.) सुट्या भागांच्या रूपात घेतली की तिच्यावर खरेदीकर पडत नसे, म्हणून लोक खोकी घरी आणून ती स्वतः जोडीत. १९७३ साली तिचे हक्क "केटरहॅम"कडे गेले आणि त्याच घाटाची गाडी पुढेही निघत राहिली. मग १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने एक पुस्तक लिहिले. तशीच गाडी, भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून, अवघ्या अडीचशे पौंडांत घरी कशी बांधावी, हा त्याचा विषय. "अडीचशे पौंड हे पुस्तकाचे नाव आहे, हिशेब नव्हे," असे आमच्या सौ.चे मत आहे, आणि बँकेचे पासबुक तिच्या बाजूने आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात मी सांगाडा करायला घेतला. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळ्या कापायच्या, कोन जुळवायचे, वेल्डिंग करायचे. पुढचा भाग उभा राहिला आणि मधोमध एक रिकामी चौकट माझ्याकडे आ वासून बघू लागली. तिथे इंजिन कोणते बसवायचे?

वाचकहो, ज्यांनी घरात लग्नाची मुलगी असताना स्थळे पाहिली आहेत, त्यांना पुढचे फार समजावून सांगायला नको. उंची, वजन, वय, कमाई, घराणे सगळे पाहावे लागते, आणि शेवटी प्रश्न एकच उरतो : दोघांचे जमेल का? आमची मुलगी लेस्टरला शाळेत गणित शिकवते आणि दर शनिवारी मदतीला येते. तिने सुचवले, "बाबा, आधी पुठ्ठ्याची इंजिने करू या." गॅरेजात आकाशकंदिलाचे आणि फ्रीजचे जुने खोके होते. त्यांचे मापाबरहुकूम चार ठोकळे केले आणि एकेक चौकटीत ठेवून पाहू लागलो.

पहिले स्थळ ओळखीतले. फोर्डचे "क्रॉसफ्लो", सोळाशे सी.सी.चे. ही जात १९६७ ची. सडपातळ, सरळ उभे, आमच्या चौकटीत हातमोज्यात हात जावा तसे गेले. ताकद बेताची, पंचाऐंशी अश्वशक्तीच्या आसपास. पण सगळे डोळ्यांना दिसते, पान्याला लागते. कार्बोरेटर उघडा, जेट बदला, कान लावून ऐका. शिवाय इंजिन जुने असल्याचा पुरावा असला की धुराच्या तपासणीत सवलत. दोष म्हणजे वय. इंग्लंडात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साल उजाडताना बंद झाले, त्यामुळे जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीट बसवाव्या लागतात. २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, ते जुन्या रबरी नळ्या खाते.

दुसरे स्थळही फोर्डचेच, दोन लिटरचे "पिंटो". अंगापिंडाने मजबूत, स्वस्त, कष्टाळू. पण उंच आणि जड. पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवताच त्याचे डोके बॉनेटच्या वर आले. बॉनेटला टेंगूळ करा, खालचे ऑइल चेंबर कापून उथळ करा, मग बसेल. सौ. म्हणाली, "ज्या जावयासाठी दाराची चौकट तोडावी लागते, तो घरात आणू नये." पिंटो गेले.

तिसरे स्थळ तरुण. मोटारसायकलचे इंजिन. १९९९ साली आलेल्या सुझुकी हायाबुसाचे तेराशे सी.सी.चे इंजिन एकशे सत्तरच्या वर अश्वशक्ती देते आणि गिअरबॉक्स पोटातच असूनही मोटारीच्या इंजिनापेक्षा कितीतरी हलके असते. माझ्या जुन्या सोबत्यांतले निम्मे त्याच्या बाजूचे. पण त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत. चढावर, रहदारीत, सिग्नलपाशी ते कुरकुरते. वळणावर तेल एका बाजूला पळते, म्हणून चेंबरात आडभिंती घालाव्या लागतात. आणि मुख्य म्हणजे त्याला रिव्हर्स गिअर नसतो. ज्याला माघार घेणे ठाऊक नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा?

चौथे स्थळ जपानी. माझ्दा एमएक्स-५ या गाडीचे, सोळाशे सी.सी. आणि सुमारे एकशे पंधरा अश्वशक्ती. ही गाडी १९८९ ची. त्या जुन्या गाड्यांचे दाराखालचे पत्रे गंजतात, गाडी भंगारात निघते, पण इंजिन ठणठणीत असते. अशी एकच गाडी घेतली की इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटर, वायरिंग सगळे एकमेकांना ओळखणारे सामान एकदम घरी येते. कार्बोरेटर नाही, पेट्रोल किती सोडायचे ते एक लहानसा संगणक ठरवतो.

माझे मन अर्थातच क्रॉसफ्लोवर होते. इतके की कोणाला न विचारता एका जुन्या भागांच्या बाजारातून १९७२ चे एक इंजिन आणून, चादर घालून, गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेही होते.

याचे कारण कोल्हापुरात आहे. उद्यमनगरात आमच्या अण्णांचे छोटे वर्कशॉप होते. उसाच्या मळ्यांवरची, गुऱ्हाळांची ऑइल इंजिने दुरुस्तीला येत. मी शाळेतून आलो की बाकावर बसून बघत असे. अण्णा इंजिनावर लाकडी दांडक्याचे एक टोक टेकवीत, दुसरे कानाला लावीत आणि सांगत, "तिसऱ्या दिवशी बेअरिंग जाणार." ते जाई. मी इंग्लंडला निघालो तेव्हा त्यांनी एका शब्दाने अडवले नाही. पण पुढे वर्कशॉप विकले, तेव्हा हत्यारांतले ते दांडके मात्र कोणाला दिले नाही. ते आज माझ्याकडे आहे. कार्बोरेटरच्या इंजिनाला ते लावून ऐकावे, अशी माझी फार इच्छा होती.

आणि याच सुमारास माझा उजवा हात थरथरू लागला. २०२३ च्या वसंतात डॉक्टरांनी त्याचे नाव सांगितले : कंपवात. औषधाने बरेच आवरते, असेही सांगितले. या देशात असा आजार परवाना-कार्यालयाला कळवावा लागतो. मी कळवला. परवाना रद्द झाला नाही. तीन वर्षांचा मिळाला. मुदत संपली की पुन्हा तपासणी.

घरात याविषयी फारसे कोणी बोलले नाही. मराठी घरात महत्त्वाच्या गोष्टींवर बोलायची पद्धत नसते. आपण भाजीविषयी बोलतो.

एका शनिवारी मी क्रॉसफ्लोचा कार्बोरेटर खोलून बसलो होतो. त्यातले पितळी जेट तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. ते चिमटीत धरून जागेवर बसवायचे. दोनदा निसटले. तिसऱ्यांदा खाली पडून बाकाखाली गेले. मुलीने ते वाकून उचलले, जागेवर बसवले आणि म्हणाली, "बाबा, चहा घेणार का?"

त्या दिवसापासून तिने माझ्दाची वकिली सुरू केली. तिची सगळी मांडणी आकड्यांची. "बाबा, आपली नेहमीची गाडी तेराशे किलोंची. तिला हेच एकशे पंधरा घोडे लावले, तर एकेका घोड्याच्या वाट्याला अकरा किलो. आपली ही गाडी सहाशे किलोंची धरा. एका घोड्याला पाच किलो. मग दीडशे-पावणेदोनशे घोडे हवेत कशाला? आणि वजन वाढले की स्प्रिंगा जाड, ब्रेक मोठे, सांगाडा भक्कम, म्हणजे पुन्हा वजन."

तिचे बरोबर होते. हलक्या गाडीचे मर्म तेच. ताकद सरळ रस्त्यावर उपयोगी पडते. वजन मात्र वेग घेताना, ब्रेक लावताना, वळताना, सगळीकडे आडवे येते. पण हा मुद्दा मोटारसायकलच्या इंजिनाविरुद्ध होता. क्रॉसफ्लोविरुद्ध तिच्याकडे काय होते? विचारले की म्हणायची, "बोअरिंग करावे लागेल, हेड करावे लागेल, खर्च येईल." खर्चाची काळजी तिने यापूर्वी कधी केली नव्हती.

उत्तर मला गॅरेजच्या खणात सापडले. फिलर गेज शोधताना तिचा तक्ता हाती लागला. चार इंजिनांची नावे आणि पुढे रकाने : वजन, अश्वशक्ती, उंची, किंमत, धूर-तपासणी. शेवटचा रकाना कागद दुमडून मागे घातलेला होता. मी तो उलगडला. वर लिहिले होते "महिने". क्रॉसफ्लोपुढे बावीस. मोटारसायकलपुढे वीस. माझ्दापुढे बारा. आणि त्या रकान्याच्या तळाशी, चौकोनात, दुसरे काही न लिहिता एकच आकडा : ३६.

तीन वर्षांचे महिने किती, हे समजायला गणिताची शिक्षिका लागत नाही.

मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. आधी राग आला. माझ्या गाडीचा हिशेब कोणी माझ्या आजारावरून का करावा? मग अण्णा आठवले. कोणी शेतकरी इंजिन घ्यायचे म्हणून सल्ल्याला आला आणि शेजाऱ्याने दहा घोड्यांचे घेतले म्हणून आपल्यालाही दहाचेच हवे म्हणू लागला, की अण्णा म्हणायचे, "आधी विहिरीत डोकावून बघा पाटील, मग इंजिनकडं. पाच घोड्यांच्या पाण्यावर दहा घोडे बसवलंसा तर पाणी दुप्पट होत नाही. विहीर लवकर कोरडी पडते, एवढंच." मी आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात काम केले, पण इंजिन निवडण्याविषयी यापेक्षा शहाणपणाचे वाक्य कोणत्याही बैठकीत ऐकले नाही. मी मात्र माझ्या विहिरीत डोकावायचे टाळीत होतो.

पुढच्या शनिवारी मुलगी आली तेव्हा मी तिला म्हटले, "माझ्दा बघायला जाऊ या."

ती एकदम काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही खण उघडलात ना?"

"फिलर गेज हवे होते," मी म्हटले.

लाल रंगाची, गंजलेली, पण एका हाकेसरशी सुरू होणारी गाडी मिळाली. त्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब चौकट असते. ती आमच्या सांगाड्यात बसत नाही. म्हणून ती काढून गिअरबॉक्सला वेगळा आधार वेल्ड करावा लागला. तो मुलीने केला. वेल्डिंग मी शिकवले, हात तिचा. क्रॉसफ्लो एका जुन्या एस्कॉर्टची डागडुजी करणाऱ्या तरुणाला दिले. ज्या घरचे त्या घरी गेले.

२०२४ च्या दिवाळीच्या आदल्या रविवारी इंजिन प्रथम सुरू केले. सौ.ने बॉनेटला हळदकुंकू लावले, नारळ मात्र गॅरेजबाहेर फोडला. मी अण्णांचे दांडके काढले, एक टोक इंजिनाला टेकवले आणि दुसरे कानाला. संगणकाचे का असेना, आत दट्टे तेच, फिरकी तीच. आवाज स्वच्छ होता. हात थरथरत होता, पण दांडके टेकलेले असल्याने ऐकण्यात काही अडचण आली नाही. मग मी ते मुलीच्या हातात दिले आणि काय ऐकायचे ते सांगितले.

२०२५ च्या वसंतात सरकारी तपासणी झाली. तपासनीस गाडीच्या कडा बोटांनी चाचपून पाहतो. कोणतीही कड धारदार चालत नाही. पहिल्या खेपेला एका उघड्या बोल्टावरून नापास झालो, दुसऱ्या खेपेला पास. हिशेब केला : माझ्दा घरी आल्यापासून सोळा महिने लागले. गणिताच्या शिक्षिकेचे चार महिने चुकले, हे मी तिला अजून अधूनमधून ऐकवतो.

रविवारी सकाळी आम्ही निघतो. जाताना गाडी मी चालवतो, येताना ती. परवान्याची मुदत संपली की पुढे काय, ते डॉक्टर ठरवतील. गाडीत खुर्च्या दोन आहेत, आणि डावीकडच्या खुर्चीतूनही इंजिन चांगले ऐकू येते.